मेलेलं माकड कोणाचं?

प्रति,
सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आरोग्य, वन आणि पशुसंवर्धन या तिन्ही खात्यांचे अधिकारी

सप्रेम नमस्कार.

पत्र तिघांना मिळून एकच लिहिते आहे. वेगवेगळी तीन लिहिली असती तर तीन आवक क्रमांक पडले असते आणि 'संबंधित विभागाकडे उचित कार्यवाहीस्तव' असा शेरा मारून प्रत्येकाने आपलं पत्र दुसऱ्याकडे सरकवलं असतं. मला जे सांगायचं आहे ते नेमकं त्या 'संबंधित विभागा'बद्दलच आहे.

दोडामार्ग तालुक्यात आमची चारेक एकर काजू आहे. गोठ्यात दोन गाई आणि एक पाडी. बारा वर्षं मी गावात आशा होते. डोंगरातल्या वाड्या चढून-उतरून गुडघे गेले तेव्हा काम सोडलं. २०१६ च्या जानेवारीत तालुक्यातल्या केर गावात माकडताप निघाला तेव्हा मी कामावर होते. त्या हंगामात शंभराहून जास्त माणसं आजारी पडली. पुढच्या वर्षी ताप सावंतवाडी तालुक्यात, बांद्याच्या बाजूला गेला. तोवर ताप म्हटला की मलेरिया, डेंगी आणि लावणीच्या दिवसांत लेप्टो, एवढंच आम्हाला शिकवलेलं होतं. उन्हाळ्यात, खडखडीत कोरड्या दिवसांत, धडधाकट माणूस काजूतून घरी येतो आणि रात्री फणफणतो, हे आमच्या वहीतल्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

आता गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट सांगते.

सकाळचे साडेसात झाले असतील. बिया वेचायला आलेली बाई खालच्या कोपऱ्यातून धापा टाकत वर आली. "काकी, थंय व्हाळाकडे वांदर मरान पडलोहा." मी खाली गेले. काळ्या तोंडाचं वानर, मादी, काजीच्या बुंध्याशी पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या सुक्या पानांत, एका कुशीवर पडलेली. अंगावर जखम नव्हती. वर विजेची तार नव्हती. माशा अजून बसल्या नव्हत्या, म्हणजे फार वेळ झाला नव्हता. मी दहा पावलांवर उभी राहिले आणि बाईलाही पुढे जाऊ दिलं नाही, कारण बारा वर्षांत एवढं तरी शिकले होते. तिचं पोर मात्र काठी घेऊन ढोसायला निघालं होतं. त्याला दंडाला धरून मागे ओढलं.

तिथूनच फोन लावायला सुरुवात केली. कुठल्या कार्यालयात कोण काय बोललं ते नाव घेऊन लिहीत नाही, कारण मला भांडण लावायचं नाही. एका ठिकाणी उत्तर आलं, जंगली जनावर आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, घरात कोणाला ताप आहे का? मी नाही म्हटलं. मग ताप आला की कळवा, म्हणाले. तिसऱ्या ठिकाणचा माणूस भला होता. त्याने सगळं लिहून घेतलं, गाडी दुसरीकडे गेली आहे, उद्या नक्की येतो म्हणाला, आणि आलासुद्धा. फक्त परवा आला. तोवर रात्रीत कोल्ह्या-कुत्र्यांनी माकड ओढून नेलं होतं. पातेऱ्यावर थोडे केस आणि एक ओलसर डाग एवढंच शिल्लक होतं. कागदावर नोंद झाली, 'सदर ठिकाणी मृत माकड आढळून आले नाही.' खोटं त्यात काहीच नाही.

त्या दोन दिवसांत काय झालं असेल, ते आपल्याला मी सांगायला नको. तरी सांगते, कारण हे पत्र गावातलेही वाचतील.

माकडताप माकडामुळे होतो असं सगळे म्हणतात, पण माणसाला तो देते गोचीड. मोठी, गाईच्या कानात टरारून फुगलेली गोचीड नव्हे, तर तिळाहून बारीक, नुसत्या डोळ्याला धुळीचा कण वाटावा असं तिचं पिल्लू. दिवाळीनंतर पातेरा वाळायला लागला की ही पिल्लं जमिनीलगत पसरतात आणि मे महिन्यापर्यंत असतात. नेमक्या ह्याच दिवसांत आम्ही काजूत बेणणी करतो, म्हणजे तण-झुडपं काढतो, भाजावळीसाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, पातेरा आणतो आणि मग वाकून-वाकून बिया वेचतो. माकडाच्या अंगावर अशा शेकडो गोचिड्या असतात. जिवंत माकड त्यांना रानभर हिंडवतं, पण ते मेलं आणि अंग थंड पडायला लागलं की सगळ्या उतरतात आणि तिथल्या तिथे पातेऱ्यात नव्या अंगाची वाट बघत बसतात. म्हणून मेलेल्या माकडाभोवतीचे पन्नास फूट हे अख्ख्या डोंगरातले सगळ्यांत धोक्याचे पन्नास फूट. तिथे मॅलेथिऑन या कीटकनाशकाची पावडर मारायची असते, माणसांना-गुरांना अडवायचं असतं, माकडाचा नमुना घ्यायचा असतो आणि कलेवर जाळायचं असतं. हे सगळं अंग गार व्हायच्या सुमारास झालं तर उपयोग. परवा झालं तर तो फक्त पंचनामा.

हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला तोसुद्धा माकडांमुळे. शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाचं जंगल आहे. १९५७ साली तिथे माकडं मरायला लागली, आसपासच्या गावांत माणसंही तापाने पडू लागली. पुण्याचं विषाणू संशोधन केंद्र, म्हणजे आजची एनआयव्ही, तेव्हा नवीनच होतं. तिथले शास्त्रज्ञ क्यासनूरला धावले ते माकडं मरताहेत हे ऐकून. आफ्रिका-दक्षिण अमेरिकेतला पिवळा ताप आला तर माकडं अशी मरतात, आणि तो हिंदुस्थानात शिरला की काय अशी धास्ती होती. निघाला वेगळाच विषाणू, रशियात गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या कुळातला. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, केएफडी, हे नाव तेव्हापासूनचं. म्हणजे मेलेल्या माकडाची बातमी गांभीर्याने घ्यायची, हा धडा या रोगाच्या जन्मापासून आपल्याकडे आहे. कर्नाटकात वर्षानुवर्षं हेच दिसलंय: आधी माकडं मरतात, मग माणसं आजारी पडतात. मधल्या त्या काही दिवसांत जे करायचं ते करायचं.

'ताप आला की कळवा' या उत्तरात चूक आहे ती इथे. ताप आल्यावर कळवायला मी कशाला हवी? ते रुग्णवाहिकाच कळवते.

आमच्या घरातलंच सांगते. माझे मोठे दीर २०१७ साली आजारी पडले. दुपारी काजूतून आले ते कपाळ धरून. संध्याकाळपर्यंत ताप, पोटऱ्या आणि पाठ मोडून निघाल्यासारखी, डोळे लाल, पाण्याचा घोटसुद्धा पोटात ठरेना. तीन दिवस गोळ्यांवर काढले. चौथ्या दिवशी हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा गाडी केली आणि गोव्यातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. बरे होऊन घरी आले, आम्ही देवाला नारळ ठेवला आणि दहाव्या दिवशी ताप उलटला. या खेपेला तो डोक्यात गेला. हात थरथरत, बोलणं भरकटे, स्वतःच्या मुलाला भावाच्या नावाने हाक मारत. शंभरांतले तीन ते पाच या तापाने जातात, आमचे वाचले. पण पुढे कितीतरी महिने चहाचा कप त्यांना एका हाताने धरता येत नव्हता, बशी दोन्ही हातांनी धरून तोंड खाली न्यायचे. तो काजूचा हंगाम गेला, त्यानंतरची लावणी दुसऱ्यांनी केली. बरा झालेला रुग्ण म्हणून त्यांची नोंद आहे. वाडीत या तापाने गेलेलं एक माणूसही होतं, त्याबद्दल त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय मी लिहिणार नाही.

या तापावर नेमकं असं औषध नाही. लक्षणांवर उपचार, सलाईन, रक्तस्रावावर लक्ष, एवढंच डॉक्टरांच्या हाती. लस होती. कर्नाटकात १९९० पासून दिली गेली, महिन्याच्या अंतराने दोन डोस आणि वर पुन्हा पुन्हा बूस्टर. तरी लस घेतलेले लोक आजारी पडत राहिले आणि आता ती वापरातून गेली आहे. नवी लस तयार होते आहे. ती येईल तेव्हा रांगेत मी पहिली उभी राहीन. तोवर आमच्याकडे बचावाच्या तीनच गोष्टी आहेत: गोचीड चढू नये म्हणून अंगाला लावायचं तेल, गुरांच्या गोचिडींचा बंदोबस्त आणि मेलेल्या माकडाची वेळेवर खबर.

तेलाचं आधी सांगते, कारण ते मी स्वतः वाटलंय. डीएमपी तेलाच्या बाटल्या पिशवीत भरून वाडी-वाडी फिरले. बाया घेत, चुलीवरच्या फळीवर ठेवत आणि काजूत जाताना विसरत. विसरत म्हणण्यापेक्षा टाळत. हाताला तेल असलं की बोंडू पिळून बी काढताना हात सटकतो, घाम आला की चिकचिक होते, वासाने डोकं चढतं. 'लोक सहकार्य करत नाहीत' असं बैठकीत म्हटलं जायचं तेव्हा मी गप्प बसायची. आता म्हणते: तेल हाताला नको, पायांना लावा, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत आणि कमरेला, असं कोणी नीट दाखवलं असतं तर निम्म्या बायांनी लावलं असतं. पुढे संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेने काढलेलं डेपा तेल कर्नाटकात वाटायला लागले. आमच्या तालुक्यात दरवर्षी कुठलं तेल, किती, कधी येणार, हे डिसेंबरच्या आत ठरलं पाहिजे. मार्चमध्ये आलेलं तेल हे दसऱ्यानंतर आलेलं सोनं. आणि ते फक्त रेशनकार्डावरच्या माणसाला देऊ नका. बिया वेचायला बाहेरून मजूर येतात, त्यांची नावं कुठल्याच यादीत नसतात आणि सगळ्यांत जास्त वाकतात तेच.

दुसरी गोष्ट गुरांची. पशुसंवर्धनवाले म्हणतात, गाईला माकडताप होत नाही. बरोबर आहे, गाय आजारी पडत नाही. पण मोठी गोचीड गाईच्या रक्तावर पोसते, खाली पडते आणि पातेऱ्यात हजारोंनी अंडी घालते. गुरं रानात चरून संध्याकाळी गोठ्यात येतात आणि रानातली गोचीड घरी येते. त्यात आम्ही काय करतो, तर रानातला पातेरा भारे बांधून आणतो आणि गोठ्यात गुरांच्या खाली अंथरतो. भाजावळीचाही पातेरा मागच्या पडवीत महिना-महिना पडून असतो. कर्नाटकात झालेल्या अभ्यासात घराजवळ सुक्या पानांचे ढीग असणाऱ्यांना हा ताप जास्त झालेला दिसला, त्यात मला नवल वाटलं नाही. पातेरा आणू नका असं सांगून कोणी ऐकणार नाही; खताचं गणितच त्यावर आहे. पण पातेरा पडवीत न ठेवता आवाराबाहेर ठेवा, एवढं ऐकतील. आणि गुरांना गोचिडीचं औषध डिसेंबरच्या आधी मिळालं तर गोठ्यातला धोका बराच उतरेल. २०२२ साली गुरांना लम्पी हा त्वचेचा रोग आला तेव्हा आपलेच कर्मचारी गोठ्या-गोठ्यात जाऊन लस टोचून गेले होते. आमच्या पाडीच्या आईला टोचायला आलेला पोरगा पावसात भिजत वरच्या वाडीपर्यंत गेला, मी पाहिलंय. लम्पी माणसाला होत नव्हता, तरी झालं. म्हणजे जमतं.

जमतं याचं आणखी मोठं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला. देशातली ती पहिलीच वेळ. बघता बघता पशुसंवर्धन, आरोग्य, महसूल, पोलीस सगळे एकाच तंबूत आले. लाखो कोंबड्या मारून पुरल्या, घरोघर तापाचे रुग्ण शोधले आणि माणसांत एकही लागण निघाली नाही. मी तेव्हा टीव्हीवर बघत होते, पांढऱ्या पोशाखातली माणसं पोती वाहताना. पुष्कळदा मनात येतं, कोंबडीला जे जमलं ते माकडाला का नाही? मग वाटतं, कोंबडीला मालक असतो. तिचा बाजार असतो, तिच्या भरपाईचा दर ठरलेला असतो, तिच्यामुळे अंडी-चिकनचा धंदा बसतो. माकड मेलं तर कोणाचं काय गेलं? खरं सांगायचं तर आम्हा बागायतदारांना आतून थोडं बरंच वाटतं. बोंडू खाऊन, कोवळा मोहर मोडून, नारळ पाडून त्यांनी जीव नकोसा केलाय.

पण कायदा विचाराल तर माकडालाही मालक आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याचं ३९ वं कलम सांगतं की जंगली प्राणी मेलेला सापडला तर ती राज्य सरकारची मालमत्ता. जिवंतपणी माझे बोंडू खाणारं माकड कोणाचं, हा वाद आपण कधीतरी निवांत घालू. मेल्यावर ते सरकारचं, हे छापलेलं आहे. सरकारचं म्हणजे तुमच्या तिघांतल्या कोणाचं, ते मात्र छापलेलं नाही.

यावर गावातला एक सोपा उपाय मला माहीत आहे, तोही सांगून टाकते. वास सुटायच्या आत दोन पोरं पाठवायची, दोरी लावून ओढायचं आणि खड्ड्यात लोटून द्यायचं. फोन नको, पंचनामा नको, वनखात्याची चौकशी नको. पुष्कळ ठिकाणी असंच होतं. २०१२ च्या शेवटी कर्नाटकात बंडीपूरच्या व्याघ्र प्रकल्पात माकडं मेली, तेव्हा आजारी पडले ते त्या धडांची विल्हेवाट लावणारेच. आपण वेळेवर आला नाहीत तर हे काम आमची अठरा-वीस वर्षांची पोरं उघड्या हातांनी करतील, आणि ते तुमच्या कुठल्याच नोंदीत येणार नाही.

आमच्याकडे हत्ती येतो. २००२ पासून येतोय, कर्नाटकातून तिलारीच्या खोऱ्यात. हत्ती आला की रात्री दोन वाजता गाडी येते, फटाके येतात, दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला तलाठी येतो, तिसऱ्या दिवशी पुढारी येतात. हत्तीबद्दल माझी तक्रार वेगळी आहे, ती इथे नको. पण एवढं कळतं की हत्तीसाठी कोणी कोणाला फोन करायचा हे सगळ्यांना पाठ आहे.

आता आमच्याही पदरातलं थोडं. दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या बेळ्तंगडी तालुक्यात १९८२-८३ च्या सुमारास मोठं जंगल साफ करून तिथे काजूची लागवड केली आणि पाठोपाठ माकडतापाची तोवरची सर्वांत मोठी साथ आली. हजाराहून जास्त माणसं आजारी पडली. काजूच होती ती. हे मी पहिल्यांदा एका प्रशिक्षणात ऐकलं तेव्हा आपल्याच पिकाचं नाव असं ऐकून कसंतरी झालं. आमच्या डोंगरांवर गेल्या काही वर्षांत काजूबरोबर रबर आणि अननस चढले. सावंतवाडी-दोडामार्गच्या पट्ट्यात झाडं तोडायला उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंदी घातली, तरी रात्री करवतीचा आवाज कुठून येतो हे गावात सगळ्यांना माहीत असतं. रान मागे सरकलं की माकड, गाय आणि माणूस एकाच काजीखाली येतात. गोचिडीला याहून सोयीचं काय? वनखात्याला हे मी शिकवायचं म्हणजे उलटंच झालं, पण साथ आल्यावर झाडांचा विषय बैठकीत कोणी काढत नाही, म्हणून लिहिलं.

माकडं मारून टाका किंवा पकडून लांब नेऊन सोडा, अशीही मागणी गावोगाव आहे आणि ती करणाऱ्यांत माझ्या घरचेही आहेत. पिकाच्या नुकसानीचं बोलायचं तर त्यांचं बरोबर आहे. तापासाठी मात्र हा उपाय म्हणून कोणी सांगू नका. आजारी माकड पिंजऱ्यात घालून दुसऱ्या डोंगरात सोडलं तर गोचिडीला आपणच एसटीचं तिकीट काढून दिल्यासारखं होईल.

गोव्याचं एक सांगायचं राहिलं. २०१५ मध्ये सत्तरी तालुक्यात हा ताप निघाला, आमच्या आधी वर्षभर. सत्तरी आणि दोडामार्ग यांच्यात डोंगर एकच. काजूच्या दिवसांत बेळगाव-खानापूरकडचे मजूर गोव्याच्या बागांत येतात, आमच्याकडचे तिकडे जातात. २०१६ मध्ये गोव्यात काजूवर काम करून बेळगावकडे परतलेल्या मजुरांना माकडताप निघाला होता. म्हणजे गोचीड चावली एका राज्यात आणि ताप आला दुसऱ्या राज्यात. तिथल्या डॉक्टरने काजूचं नाव काढून विचारलं तरच कळणार. आशा असताना मी कितीदा म्हटलं असेन, तापाच्या केसपेपरवर एक ओळ वाढवा: 'गेल्या पंधरा दिवसांत रानात किंवा काजूत गेला होता का?' शाई किती लागते त्याला?

दरवर्षी ६ जुलैला जागतिक पशुजन्य रोग दिन असतो. १८८५ मध्ये त्या दिवशी लुई पाश्चरने पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या मुलाला पहिल्यांदा लस दिली, त्याची आठवण म्हणून. शाळेत निबंध होतात, कार्यालयात पोस्टर लागतं. आम्ही तेव्हा गुडघाभर चिखलात लावणी करत असतो आणि माकडतापाची गोचीड पुढच्या हंगामाची तयारी करत असते. नागपूरला राष्ट्रीय वन हेल्थ ('वन' म्हणजे रान नव्हे, इंग्रजीतला 'एक') संस्था होते आहे, ११ डिसेंबर २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते तिची पायाभरणी झाली. माणूस, जनावर आणि रान यांचं आरोग्य एकत्र बघायचं, ही कल्पना मला मनापासून पटते. पण आज दोडामार्गात 'वन हेल्थ' म्हणजे काय, तर माझ्या मोबाईलमधले तीन नंबर, जे एकमेकांना ओळखत नाहीत.

म्हणून माझं मागणं एकच आहे. नोव्हेंबर ते मे, तालुक्याला एक नंबर आणि त्या नंबरमागे एक माणूस. तो तुमच्या तिघांपैकी कुठल्या खात्याचा असावा ते तुम्ही ठरवा, चिठ्ठ्या टाका, मला फरक पडत नाही. माकड मेल्याची खबर आली की चोवीस तासांत त्याच्यापाशी कोणीतरी पोहोचलं पाहिजे. येताना हातमोजे, गमबूट आणि पावडरचं पोतं गाडीत असलं पाहिजे, गाडी दुसरीकडे असेल तर मोटारसायकलवर या. नमुना काढायला जाणकार माणूस लागतो हे मला कळतं. तो उद्या आला तरी चालेल, पण पन्नास फुटांत पावडर आणि चारी बाजूंना दोरी आजच पडली पाहिजे. त्याच दिवशी आशाला फोन जावा, म्हणजे ती पुढचे दोन-तीन आठवडे त्या बाजूच्या वाड्यांत ताप बघत फिरेल. आणि त्या फिरण्याचे तिला पैसे द्या; आशाच्या कामाच्या यादीत मेलेलं माकड अजून नाही.

शिवाय नमुन्याचं उत्तर वाडीला कळवा. माझ्या काळात माकडांचे नमुने पुण्याला गेले, उत्तरंही कुठल्या तरी टेबलावर आली असतील. ज्या बाईने ते माकड पहिल्यांदा पाहिलं तिला मात्र कधीच कोणी सांगितलं नाही की त्यात विषाणू होता की नव्हता. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा ती हाक मारत नाही.

गेल्या फेब्रुवारीतली ती बाई यंदाही आमच्याकडे बिया वेचायला येणार आहे. परवा घरी आली होती, बसल्या बसल्या विचारत होती, 'काकी, औंदा माकड दिसला तर सांगू, की नुसता दगडाखाली पुरू?' मी तिला सांगायला सांगितलंय, पुढे मी कोणाला सांगायचं ते तेवढं कळवा. या महिन्याच्या शेवटी आमची ग्रामसभा आहे. ग्रामपंचायतीच्या बाहेरच्या भिंतीवर, पाणीपट्टीच्या नोटिशीच्या वर, नंबर रंगवायला जागा सोडून ठेवली आहे. रंगारी माझा भाचाच आहे.

आपली,
दोडामार्ग तालुक्यातील एक काजू बागायतदार, माजी आशा